कोपी, तेह आणि आपला आल्याचा चहा

परदेशी राहायला गेलेल्या माणसाला घराची पहिली आठवण कधी येते? विमानतळावर? नव्या जागेचं कुलूप उघडताना? छे! ती येते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा पहिला घोट घेताना. साखर तीच, आलं तेच, भांडंसुद्धा घरून नेलेलं. रंगही जवळपास जमलेला. पण घोट घशाखाली उतरतो आणि कळून चुकतं, हा आपला चहा नव्हे!

जेवणाचं एक वेळ निभून जातं. कणीक आणि डाळ-तांदूळ आता जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत मिळतात. चहा-कॉफीचं दुखणं वेगळं. ती नुसती जिभेची सवय नसते. दिवस सुरू झाला, हे शरीराला सांगणारी ती घंटा असते. घंटाच बेसूर वाजली, की पुढचा सगळा दिवस परका वाटू लागतो.

हे दुखणं एकट्या भारतीयांचं नाही. इटालियन माणूस जेवणानंतर दुधाळ कापुचिनो पिणाऱ्यांकडे अचंब्याने पाहतो आणि स्वतः इवल्याशा कपातल्या एस्प्रेसोसाठी गल्ल्या पालथ्या घालतो. मेलबर्नहून आलेल्याला 'फ्लॅट व्हाइट' हवी असते. इंग्रजाला कडक चहात जरासं थंड दूध लागतं. दुधातच चहा उकळलेला पाहिला, की त्याच्या भुवया वर जातात. ज्याची त्याची तल्लफ!

परक्या शहरात ही तल्लफ कशी भागवायची, याचा धडा घ्यायचा तर सिंगापूरसारखं दुसरं गाव नाही. इथे मलय लोक आधीपासून होते. पण बाकीच्या बहुतेकांचे आजोबा-पणजोबा बाहेरूनच आलेले. १८१९ साली इंग्रजांनी इथे ठाणं मांडलं आणि मग चिनी आले, तमिळ आले, उत्तर भारतीय आले. प्रत्येकाने आपली तल्लफ बोटीतून सोबत आणली. दोनशे वर्षांत या साऱ्यांचं मिळून जे झालं, तेच आज सिंगापूरचं पेय म्हणून मिरवतं आहे.

चहा बिघडतो कुठे?

आधी घरचा चहा. तो परदेशात का बिघडतो, हे एकदा समजलं की अर्धी लढाई जिंकली.

पहिलं कारण पावडर. आपल्याकडे रोजच्या वापरात असते ती 'सीटीसी' चहाची पावडर. पानं चिरडायची, फाडायची आणि गोळीसारखी वळायची, असं काम करणारं यंत्र १९३०च्या दशकात आसामात आलं. या बारीक दाण्यांतून रंग आणि कडकपणा झटपट उतरतो. दूध-साखर घालून खळखळ उकळलं, तरी त्याची चव हरत नाही. परदेशी दुकानातल्या डब्यात बहुधा लांब पानांचा चहा असतो. तो वरून गरम पाणी ओतून मुरवण्यासाठी. त्याला आपल्या पद्धतीने दहा मिनिटं उकळलं, की नुसता तुरटपणा उरतो आणि दोष मात्र करणाऱ्या बाईच्या हाताला लागतो!

दुसरं कारण दूध. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. परदेशातल्या खोक्यातलं दूध गाईचं. 'फुल क्रीम' म्हटलं, तरी त्यात साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपासच स्निग्धांश. शिवाय ते यंत्रातून घुसळून एकजीव केलेलं असतं. स्निग्धांशाचे कण फोडून इतके बारीक केलेले असतात, की ते वर तरंगून येत नाहीत. आठवडाभर साय साठवायची, विरजण लावायचं, लोणी काढून तूप कढवायचं, हा ज्या घरचा रिवाज, त्या घरच्या गृहिणीला हा पहिला धक्का. पातेलंभर दूध तापवलं तरी वर येतो तो नुसता पापुद्रा.

तिसरं कारण पाणी. लंडनसारख्या शहरात पाणी जड असतं. त्यातल्या क्षारांमुळे चहावर तवंग येतो. सिंगापुरात मात्र ही तक्रार सहसा ऐकू येत नाही. तिथे नळाचं पाणी तसंच पिता येतं.

उपाय साधा आहे. पावडर 'सीटीसी'चीच घ्यावी, दूध 'फुल क्रीम' घ्यावं आणि पाण्याचं प्रमाण घरच्यापेक्षा कमी ठेवावं. तरीही चहा पातळ वाटला, तर साखर न घातलेलं डब्यातलं आटवलेलं दूध चमचा-दोन चमचे घालावं. म्हशीच्या दुधाची सर त्याला येणार नाही, पण भूक भागेल.

म्हशींच्या रस्त्यावर

पावडर कुठे मिळेल, हा पुढचा प्रश्न. सिंगापूरच्या 'लिटल इंडिया' भागातला सेरंगून रस्ता हे त्याचं उत्तर. या भागात 'बफेलो रोड' नावाचा रस्ता आहे आणि जवळच 'केर्बाऊ रोड'. केर्बाऊ म्हणजे मलय भाषेत म्हैस! एकोणिसाव्या शतकात इथे गुराढोरांचा मोठा व्यापार चालायचा. गोठे होते, गवळी होते आणि त्यांच्या आसपास भारतीयांची वस्ती वाढली. आज तिथे म्हैस औषधालाही सापडणार नाही. रस्त्यांच्या पाट्यांनी तिची आठवण तेवढी जपली आहे.

बफेलो रोडवरच 'टेक्का सेंटर' ही मंडई आहे. कढीलिंब, आलं, गवती चहा, ओला नारळ, सगळं एका छताखाली. जवळच्या 'मुस्तफा सेंटर'मध्ये भारतातल्या ओळखीच्या चहांची पाकिटं ओळीने मांडलेली दिसतात. नव्याने आलेल्या कुटुंबाचा पहिला शनिवार-रविवार बहुधा इथेच जातो. आणि ज्यांना फिल्टर कॉफी हवी, त्यांच्यासाठी सेरंगून रस्त्यावर 'कोमला विलास' आहे. १९४७ सालापासून चालत आलेली ही शाकाहारी खाणावळ. डोशासोबत कॉफीचा वास आला, की माटुंग्याला आल्यासारखं वाटतं.

एवढ्यावर घरचा चहा तर जमला. पण घराबाहेर पडल्यावर काय? चालून चालून दमल्यावर, दवाखान्यातून परतताना, मुलांची शाळा सुटायची वाट पाहताना कप कुठे प्यायचा?

सिंगापूरचा 'इराणी'

तिथे मदतीला येतं 'कोपीटियम'. कोपी हा कॉफीसाठी मलय शब्द आणि टियम म्हणजे चिनी हॉक्किएन बोलीत दुकान. दोन भाषांची गाठ मारून झालेलं हे नाव. दुकानही तसंच. ते मुंबईकराला पाहताक्षणी ओळखीचं वाटतं. जुन्या कोपीटियममध्ये संगमरवरी फळीची गोल टेबलं असतात, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या असतात आणि गल्ल्यावर पेंगुळलेला मालक असतो. अगदी मुंबई-पुण्याचा इराणी!

साम्य इथेच संपत नाही. मुंबईत इराणी मागाहून आले आणि इतरांनी नको म्हटलेल्या कोपऱ्यावरच्या जागा त्यांनी घेतल्या, असं सांगतात. सिंगापुरात हैनान बेटावरचे चिनी असेच मागाहून आले. व्यापार, गोदी, किराणा सगळं आधी आलेल्यांनी वाटून घेतलेलं. मग हे लोक इंग्रजांच्या घरी, हॉटेलांत आणि जहाजांवर आचारी झाले. साहेबाला कॉफी-टोस्ट कसा लागतो, ते शिकले आणि पुढे आपापली दुकानं थाटली. 'किलिनी कोपीटियम' हे दुकान १९१९ सालापासूनचं, तर 'या कुन' १९४४ सालापासूनचं.

इराण्याकडे जसा बनमस्का, तसा इथे 'काया टोस्ट'. काया म्हणजे नारळाचं दूध, साखर, पांदानचं सुवासिक पान आणि अंडी यांचा घट्ट जॅम. तो भाजलेल्या पावावर लावायचा आणि मध्ये थंड लोण्याची चकती. शुद्ध शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं, की कायामध्ये अंडं असतं. जॅम दिसायला निरागस असल्यामुळे पुष्कळजण फसतात.

आता कॉफी. बिया बहुधा रोबस्टा जातीच्या, शेजारच्या इंडोनेशियासारख्या देशांतून आलेल्या. रोबस्टा कडवट असते आणि तिच्यात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं. हा कडवटपणा मऊ करण्यासाठी बिया साखर आणि लोणी किंवा मार्गारीन घालून काळ्याकुट्ट होईपर्यंत भाजतात. मग ती पूड कापडाच्या लांब पिशवीत घालून त्यावर उकळतं पाणी ओततात. ही पिशवी हुबेहूब पायमोज्यासारखी दिसते आणि तिला 'मोजा' असंच म्हणतात. नाक मुरडू नये. आपल्या अमृततुल्यवाला चहा गाळतो ते फडकं तरी कुठे वेगळं असतं?

दुधाच्या जागी असतं गोड घट्ट दूध, म्हणजे कन्डेन्स्ड मिल्क. अमेरिकेत गेल बोर्डन याने १८५६ साली त्याचं पेटंट घेतलं. फ्रीज नव्हते, त्या काळात विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात ताजं दूध टिकणार कसं? डबाबंद दूध टिकायचं. गरजेपोटी आलेला डबा पुढे चवीचा मालक झाला. रिकामा डबाही वाया जात नसे. त्याला दोरी बांधून त्यातूनच कॉफी घरी नेत. आज दोरी लावलेली प्लॅस्टिकची पिशवी त्या जागी दिसते.

एका कपाचं व्याकरण

नवखा माणूस अडखळतो तो ऑर्डर देताना. 'वन कॉफी प्लीज' म्हटलं, की समोर येतो तो दाट, गोडमिट्ट पेला. मग तो समजतो, इथे कॉफी अशीच मिळते. पण तसं नसतं. कोपीटियमला स्वतःचं व्याकरण आहे. चार-पाच शब्द पाठ केले, की हवा तो कप मिळतो.

नुसतं 'कोपी' म्हटलं, तर गोड घट्ट दुधाची कॉफी. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची, पण साखर घातलेली. 'कोपी-सी' म्हणजे साखरविरहित आटवलेल्या दुधाची, त्यात साखर वेगळी घालतात. या 'सी'बद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, तो ताज्यासाठीचा हैनानी शब्द, तर कुणी म्हणतं, कार्नेशन या डब्याच्या नावाचं आद्याक्षर.

पुढे शेपट्या जोडायच्या. 'कोसोंग' म्हणजे मलय भाषेत रिकामं, अर्थात बिनसाखरेचं. 'सिऊ दाइ' म्हणजे साखर कमी, 'गा दाइ' म्हणजे जास्त. 'गाऊ' म्हणजे कडक, 'पो' म्हणजे फिकट, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. कोपीच्या जागी 'तेह' म्हटलं, की तोच सारा संसार चहाचा होतो. तेव्हा दुधाचा, बिनसाखरेचा चहा हवा असेल, तर मंत्र आहे, 'तेह-सी कोसोंग'. साखर बेताची हवी, तर 'तेह-सी सिऊ दाइ'.

एका ऑर्डरमध्ये मलय, हॉक्किएन, हैनानी आणि इंग्रजी अशा तीन-चार भाषा एकाच रांगेत उभ्या राहतात. मुंबईत 'दोन कटिंग, एक पानी कम' ही हाक जशी मराठीही नसते आणि धड हिंदीही नसते, तसंच हे. गंमत म्हणजे काही पेयांना टोपणनावंही आहेत. डब्यावर फुटबॉल खेळणारा माणूस असायचा म्हणून माइलोला 'चेंडू लाथाड' अशा अर्थाचं नाव. दोरीची चहापुडी कपात बुचकळायची, म्हणून तिला 'मासे पकडणं'. आणि पांढऱ्या सोया दुधात काळी जेली घातली, की ते 'मायकल जॅक्सन'!

सरबताचा प्रवास

आपल्या चवीच्या सर्वात जवळ नेणारा कप चिन्यांच्या दुकानात नव्हे, तर भारतीय मुसलमानांच्या टपरीवर मिळतो. या टपऱ्यांचं जुनं नाव 'सरबत स्टॉल'. हो, आपलंच सरबत! अरबी-फारसीतून आलेला हा शब्द इकडे मराठीत लिंबू आणि कोकमाला चिकटला, तर तिकडे मलय भाषेत आल्याच्या गरम पेयाला.

'तेह हालिया' मागितला, की आल्याचा दुधाळ चहा येतो. हालिया म्हणजे आलं. गोडी अंमळ जास्त असते, पण पावसाच्या दुपारी तो हातात आला, की सातारा-कोल्हापूरच्या माणसाला बरं वाटतं. 'तेह तारिक' म्हणजे ओढलेला चहा. विक्रेता हात उंच करून एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात चहा ओततो. धार लांबते, फेस येतो आणि चहा पिण्याजोगा निवतो. आपल्याकडेही घाईच्या गिऱ्हाइकासाठी हेच करतात, फक्त त्याला कुणी कला म्हणत नाही.

थंड पेयांतही ओळखीचे चेहरे भेटतात. गुलाबी 'बांडुंग' म्हणजे गुलाबाचं सरबत घातलेलं दूध. उसाचा रस लिंबू पिळून मिळतो. शहाळी मिळतात. कोकम, पन्हं आणि सोलकढी मात्र घरीच करावी लागतात. त्यासाठी आमसुलं घरून न्यावीत. नारळ तिथे हवा तेवढा आहे.

एक डॉलर की सात डॉलर?

मग ती दुसरी कॉफी, यंत्रातून वाफ सोडत येणारी? तीही आहेच. सिएटलच्या स्टारबक्सने १९९६ साली उत्तर अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं, ते आधी टोकियोत आणि त्याच वर्षाच्या अखेरीला सिंगापूरच्या ऑर्चर्ड रस्त्यावर. त्याच १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. स्टारबक्स मुंबईत यायला २०१२ उजाडलं. पुढे ऑस्ट्रेलियन धर्तीचे छोटे कॅफेही सिंगापुरात जागोजागी निघाले आणि फ्लॅट व्हाइटसाठी तळमळणाऱ्यांची सोय झाली.

पण खिशाचं काय? कोपीटियममध्ये कप साधारण एक ते दोन सिंगापुरी डॉलरांत येतो. कॅफेत त्यालाच पाच-सात डॉलर पडतात. महिन्यातून दोनदा ठीक. रोज दोघांनी एकेक कप म्हटला, तर महिनाअखेर आकडा डोळे पांढरे करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी घरभाडं आणि शाळेची फी भागवताना हा खर्च कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो सुट्या पैशांतून जातो.

साखरेचा हिशोब

पैशांहून मोठा हिशोब साखरेचा आहे. मुलाकडे महिनाभर राहायला आलेले सासरे रोज सकाळी खाली उतरून कोपी पितात. वेळ छान जातो, चार माणसं दिसतात. पण मधुमेहाची गोळी चालू असलेल्या माणसाने गोड घट्ट दुधाचे दिवसाला तीन कप प्यायले, तर परतताना रक्ताची तपासणी वेगळीच गोष्ट सांगेल.

ही काळजी तिथल्या सरकारलाही लागली आहे. सिंगापुरात पेयांना त्यांतली साखर आणि संपृक्त स्निग्धांश पाहून ए, बी, सी, डी अशी श्रेणी देतात. हा नियम ३० डिसेंबर २०२२ पासून डबा-बाटलीतल्या पेयांना लागू झाला आणि ३० डिसेंबर २०२३ पासून कॉफीहाऊससारख्या ठिकाणी ताज्या बनवलेल्या पेयांनाही. १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅमहून जास्त साखर असली, की श्रेणी 'डी'. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात २० ग्रॅमच्या वर, चांगली चार-पाच चमचे! 'डी' श्रेणीच्या पेयाची जाहिरात करायलाही बंदी आहे.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना सिंगापूरला नेताना आणखी काही शिकवलं नाही तरी चालेल, पण 'कोसोंग' आणि 'सिऊ दाइ' हे दोन शब्द कागदावर देवनागरीत लिहून त्यांच्या खिशात ठेवावेत.

दुपारचे तीन

चहाचा प्रश्न खरा बोचतो तो सकाळी नव्हे, तर दुपारी तीनला. नवरा कचेरीत, मुलं शाळेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे 'डिपेंडंट्स पास'वर आलेल्या पुष्कळ स्त्रिया शिकलेल्या असतात, भारतात नोकरी करत असतात. मे २०२१ पासून या पासवरच्या व्यक्तीला सिंगापुरात नोकरी करायची, तर स्वतःचा वेगळा कामाचा परवाना लागतो. तो सहज मिळत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच दुपार रिकामी मिळते आणि ती खायला उठते. पुण्यात असताना याच वेळी कचेरीत चौघींचा चहा व्हायचा. इथे दहाव्या मजल्यावर एकटीसाठी चहा टाकायचा आणि खिडकीशी उभं राहून प्यायचा. मग चव कशी लागणार? दोष प्रत्येक वेळी दुधाचाच नसतो.

अशा वेळी लिफ्टने खाली उतरावं. सिंगापूरचे बहुसंख्य रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात आणि त्या वस्त्यांतून इमारतीखाली किंवा चार पावलांवर कोपीटियम असतंच. तिथे निवृत्त आजोबा वर्तमानपत्र वाचत असतात, शेजारच्या बाया भाजीच्या पिशव्या टेकवून बसलेल्या असतात. पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही. चौथ्या दिवशी चहावाला विचारील, 'तेह-सी सिऊ दाइ?' न सांगता कुणीतरी आपली चव ओळखली, याचं मोल परक्या शहरात फार मोठं असतं. आठव्या दिवशी शेजारच्या आजी कोणती भाजी कशी करायची, ते हातवारे करून सांगू लागतील.

याउलट काही घरं सारं घरून मागवतात, घरीच पितात आणि भेटतात तीही आपल्याच माणसांना. मंडळाचा गणपती, दिवाळीचा फराळ हे हवंच. तो आधार मोठा आहे. पण पाच वर्षं राहून ज्या शहरात एकही दुकानदार ओळखीचा होत नाही, ते शहर पाचव्या वर्षीही हॉटेलच वाटतं. सकाळचा पहिला कप आपल्या चवीचा असावा, त्यात तडजोड नको. दुसरा मात्र त्या गावाचा असावा.

निघण्यापूर्वी

सामान बांधताना काही गोष्टी पाहून घ्याव्यात. सर्वात महत्त्वाची म्हणजे खसखस. सिंगापुरात खसखस नेण्यास बंदी आहे, कारण अफूच्या बोंडातल्या या बियांत मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि तिथले अमली पदार्थांचे कायदे अत्यंत कडक आहेत. नुसती पुडी नको, एवढंच नव्हे. थंडाईचा मसाला, काही घरचे काळे मसाले, अनारसे, डिंकाचे लाडू यांतही खसखस असते. आईने मायेने बांधून दिलेला डबा विमानतळावर घोर लावू शकतो. मसाला खसखशीविना करून घ्यावा.

चहा-कॉफीची पूड बंद पाकिटातलीच न्यावी, सुटी नको. स्टीलचा कॉफी फिल्टर आणि आलं ठेचायचा छोटा खलबत्ता सामानात जागा कमी घेतात आणि सुख जास्त देतात. विजेचा दाब तिथेही २३० व्होल्टच आहे. पण भिंतीवरच्या खाचा चौकोनी तीन पिनांच्या असतात, आपल्या गोल पिना त्यात बसत नाहीत. जोडणी सोबत ठेवावी.

कोपीची पिशवी हातात घेऊन मेट्रोत शिरू नये. तिथे खाण्यापिण्याला मनाई आहे आणि दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. खाद्यकेंद्रात टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं, तर ती जागा धरलेली आहे, असं समजावं. पिऊन झालं, की कप आणि ताटली स्वतः नेऊन ठेवावी. २०२१ पासून न ठेवणाऱ्याला दंड होतो. सिंगापूरच्या या खाद्यकेंद्रांच्या संस्कृतीला डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिलं. तेव्हा तिथे कप ठेवताना थोडा मान राखायला हरकत नाही!

आणि उलटा प्रवासही असतोच. शिकायला लंडन-मेलबर्नला गेलेला सिंगापुरी मुलगा बॅगेत कोपीच्या पुड्या भरून नेतो आणि तिथल्या कॉफीला नावं ठेवतो. मुंबईत नव्याने आलेला परदेशी माणूस 'चहात साखर नको' हे चारचौघांना समजावून थकतो, कारण टपरीवरच्या पातेल्यात साखर आधीच पडलेली असते. सहा-सात वर्षं सिंगापुरात काढून पुण्याला परतलेल्या घरांतही एक गंमत घडते. म्हशीचं दूध आहे, हवी ती पावडर आहे, आल्याला तोटा नाही. सकाळचा चहा अगदी मनासारखा होतो. आणि चार दिवसांनी दुपारी तीनच्या सुमारास घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, 'आता एक कोपी-सी मिळाली असती, तर...!'